नैराश्यात शरीराला ऊब द्यावी की गार पाणी?

अबोली

मंडळी, हा धागा मी माझ्या धाकट्या भावासाठी काढते आहे. तो २९ वर्षांचा आहे आणि सव्वा वर्षापासून नैराश्यावर मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार घेतो आहे. गोळ्या नियमित चालू आहेत. सुरुवातीच्या काळातले जिवावर उठणारे विचार आता येत नाहीत, असे तो स्वतः सांगतो. पण सकाळी अंथरुणातून उठणे, दात घासणे, कोणाचा फोन घेणे, यांतली प्रत्येक गोष्ट त्याला डोंगराएवढी वाटते.

दोन महिन्यांपूर्वी त्याच्या ओळखीच्या एका व्यायाम-प्रशिक्षकाने त्याला सांगितले की रोज पहाटे बर्फाच्या पाण्याने अंघोळ केलीस, तर तीन आठवड्यांत गोळ्यांची गरज उरणार नाही. त्याने ते मनावर घेतले. पहिल्या दिवशी त्याने खरोखरच बर्फ घातलेली बादली अंगावर ओतली, दिवसभर ताजातवाना राहिला आणि रात्री आमच्याबरोबर जेवायलाही बसला. दुसऱ्या दिवशी अर्धीच बादली झाली. तिसऱ्या दिवशी तो उठलाच नाही. आदल्या रात्री भरून ठेवलेली ती निळी बादली पुढचे चार-पाच दिवस न्हाणीघरात तशीच होती. पाण्यावर धुळीचा पातळ थर धरला होता, आणि घरातल्या कोणालाही ती रिकामी करण्याचा धीर होत नव्हता, कारण ती ओतून दिली तर त्याने हार मानल्याचे आम्हीच जाहीर केल्यासारखे होईल, असे प्रत्येकाला वाटत होते. "मला एवढेही जमत नाही" हे वाक्य त्या आठवड्यात त्याच्या तोंडून मी किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही.

त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी आईने त्याच्या पाठीला तेल लावले आणि दिवाळीच्या पहाटे काढून देते तसे कढत पाणी काढून दिले. त्या रात्री तो सलग सहा तास झोपला. एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नये, हे मला समजते. म्हणूनच विचारते आहे. उष्णतेने नैराश्याची लक्षणे कमी होतात, याला काही शास्त्रीय आधार आहे का? थंड पाण्याच्या बाजूने जे सांगितले जाते, त्यात तथ्य किती? आणि घरच्या घरी काय करणे सुरक्षित आहे?

निर्गुडी

अबोली, मी मानसोपचार विभागात काम करते. परंतु इथले माझे लिहिणे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, हे आधी नमूद करते. गोळ्या सोडायला सुचवणाऱ्या त्या प्रशिक्षकाचे म्हणणे मात्र सरळसरळ चुकीचे आणि धोक्याचे आहे.

उष्णतेविषयी सर्वांत काळजीपूर्वक रचलेला प्रयोग अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात क्लेमेन्स यान्सेन, चार्ल्स रेझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०१६ साली 'जामा सायकायट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रुग्णाला तंबूसारख्या पेटीत झोपवायचे, डोके बाहेर ठेवायचे, छातीवर अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे आणि पायांकडे तापलेल्या तारा, आणि शरीराच्या आतले तापमान ३८.५ अंश सेल्सिअसला पोहोचले की दिवे बंद करून त्याला सावकाश निवू द्यायचे, अशी ती पद्धत होती. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला तशाच पेटीत, तशाच रंगाचे दिवे आणि पंख्यांचा आवाज, पण ऊब अगदीच जुजबी, असा लुटुपुटीचा उपचार दिला गेला. मला या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते, कारण लुटुपुटीचा उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांना आपल्याला खराच उपचार मिळाला असे वाटले होते. म्हणजे 'काहीतरी केले म्हणून बरे वाटले' हा भाग दोन्ही गटांत जवळपास सारखा होता. तरीही नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या हॅमिल्टन मापनश्रेणीवर (गुण जितके कमी, तितकी लक्षणे कमी) खऱ्या उपचाराचा गट एका आठवड्यानंतर सुमारे साडेसहा गुणांनी खाली होता आणि सहा आठवड्यांनंतरही चार गुणांहून अधिक फरक टिकून होता. हे सारे एकाच सत्रानंतर!

आता या प्रयोगाच्या मर्यादा. दोन्ही गट मिळून प्रयोगात प्रत्यक्ष सहभागी झालेले लोक अवघे ३० होते, आणि ते सारे मनोविकारांवरील कोणतीही औषधे न घेणारे होते. तुमचा भाऊ औषधे घेतो, त्यामुळे हा निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावता येणार नाही.

तुमच्या आईने जे केले त्याच्या अधिक जवळचे काम जर्मनीत फ्रायबुर्ग येथे झाले आहे. तिथे पेटीऐवजी ४० अंशांच्या पाण्याचा टब वापरला. रुग्ण सोसेल तितका वेळ गळ्यापर्यंत पाण्यात बसायचा आणि नंतर किमान वीस मिनिटे गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन पांघरुणात पडून राहायचा. आठवड्यातून दोनदा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४५ रुग्ण होते. निम्म्यांना स्नान आणि निम्म्यांना व्यायाम. स्नानाच्या गटाला दोनच आठवड्यांत अधिक आराम पडला, पण तुमच्या निळ्या बादलीविषयी वाचताना मला त्यातली वेगळीच संख्या आठवली. व्यायामाच्या गटातून १३ जण मध्येच सोडून गेले आणि स्नानाच्या गटातून फक्त २. व्यायाम नैराश्यात उपयोगी आहे याविषयी शंका नाही. परंतु तो करण्यासाठी लागणारी उभारीच हा आजार काढून घेतो. गरम पाण्यात नुसते बसायचे असते, आणि खचलेल्या माणसालाही बसता येते.

यामागची कारणमीमांसा अजून पूर्ण झालेली नाही, तरी एक धागा चांगला पकडीत येतो आहे. कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को येथील ॲशली मेसन यांच्या गटाने २०२४ मध्ये १०६ देशांतील २०,८८० लोकांच्या बोटातील अंगठीवजा उपकरणाच्या नोंदी तपासल्या. नैराश्याची लक्षणे जितकी तीव्र, तितके शरीराचे तापमान किंचित जास्त, असे त्यात दिसले. नैराश्यात शरीराची स्वतःला निववण्याची यंत्रणा मंदावते, आणि एकदा मुद्दाम तापवले की घाम, कातडीकडे वाढलेला रक्तप्रवाह हे सारे जागे होऊन नंतर शरीर अधिक चांगले निवते, अशी कल्पना आहे. कोलोरॅडो विद्यापीठाचे ख्रिस्तोफर लोरी यांनी प्राण्यांवर केलेल्या अभ्यासांतून असेही दाखवले आहे की कातडीला मिळालेली ऊब मेंदूच्या तळाशी असलेल्या, मनःस्थितीशी निगडित सेरोटोनिन हे रसायन स्रवणाऱ्या पेशींच्या एका विशिष्ट गटापर्यंत पोहोचते.

एक प्रश्न मला आधी विचारायला हवा होता. भावाला नेमक्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? इथे लिहायचे नसेल तर लिहू नका, पण कढत अंघोळीविषयी डॉक्टरांना विचारताना पूर्ण यादी समोर ठेवा.

कृष्णाकाठ

निर्गुडी यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी थंडीच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून ती बाजूही जबाबदारीने मांडतो.

पत्नी गेल्यानंतरच्या वर्षात मला नैराश्याचे निदान झाले होते. औषधे घेतली आणि त्यांचा उपयोग झाला. त्याच काळात एका शेजाऱ्याने मला पहाटे नदीवर पोहायला नेले, आणि गेली अकरा वर्षे पावसाळा सोडून मी जातो आहे. माघातल्या पहाटे घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभे राहिले की पाण्यावरून वाफ उठताना दिसते. पाय घालताच श्वास छातीत अडकतो आणि त्या क्षणी मनात दुसरा कोणताही विचार उरत नाही. दिवसरात्र एकाच विचाराच्या चरकात पिळून निघालेल्या माणसाला ती अर्ध्या मिनिटाची सुटका काय वाटते, हे मी शब्दांत सांगू शकत नाही.

शास्त्रीय आधार मात्र तोकडा आहे, हे मान्य करायला हवे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या झेक संशोधकांच्या अभ्यासात १४ अंशांच्या पाण्यात तासभर बसवलेल्या तरुणांच्या रक्तातील नॉरॲड्रेनॅलिन हे शरीराला सावध करणारे रसायन ५३० टक्क्यांनी आणि उत्साहाशी निगडित डोपामिन २५० टक्क्यांनी वाढले. समाजमाध्यमांवर हे आकडे फार फिरतात, पण ते तरुण निरोगी होते आणि नैराश्य हा त्या अभ्यासाचा विषयच नव्हता. गार पाण्याचा शॉवर नैराश्यावर सुचवणारा निकोलाय शेव्हचूक यांचा २००८ सालचा लेख सर्रास पुरावा म्हणून दाखवला जातो. तो केवळ एक गृहीतक मांडतो. ब्रिटनमध्ये २०१८ साली एका २४ वर्षांच्या तरुणीची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली. आठवड्याला एकदा उघड्या गार पाण्यात पोहू लागल्यावर तिची लक्षणे कमी झाली आणि पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधेही सुटली. ती हकिकत हृद्य आहे, पण एकाच व्यक्तीची आहे. पोलंडमध्ये व्रोत्सवाफ येथे उणे ११० अंशांहून थंड हवेच्या खोलीत दोन-तीन मिनिटे, असे सुमारे तीन आठवडे उपचार औषधांच्या जोडीने दिले गेले आणि त्यांत लक्षणे उतरली. पण गारठ्याचा लुटुपुटीचा उपचार करता येत नाही, कारण आपल्याला गारठवले जाते आहे हे प्रत्येकाला कळतेच.

आणखी एक गोष्ट मी अलीकडे स्वतः तपासली. शेव्हचूक यांनी सुचवलेले पाणी २० अंशांचे, तेही पाच मिनिटांत हळूहळू गार करत नेलेले आणि मग दोन-तीन मिनिटे. जानेवारीत सकाळी सहा वाजता आमच्या गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यात तापमापक बुडवला, तर १९ अंश दाखवत होता. म्हणजे नळाचे साधे पाणी पुरेसे असताना त्या प्रशिक्षकाने एका आजारी मुलाला बर्फ आणायला लावला, याचा मला मनापासून राग आला. बर्फाच्या पाण्यात एकदम शिरल्यावर पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत अनावर धाप लागते, रक्तदाब चढतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पट्टीचे पोहणारेही त्यात दगावतात.

आणि शेवटी एक कबुली देतो. अकरा वर्षांत मी एकटा क्वचितच गेलो असेन. घाटावर पाच-सहा जण वाट पाहत असतात, आणि नंतर टपरीवर चहा होतो. माझे बरे होणे पाण्यामुळे किती आणि त्या चहामुळे किती, हे मला वेगळे करता आलेले नाही.

अकोलेकर

उष्णतेचा एवढा उपयोग असेल, तर आमच्याकडे वैशाखात ४५ अंशांत माणसे आनंदी दिसायला हवीत. माझा अनुभव नेमका उलट आहे. माझी लक्षणे दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत बळावतात. रात्री भिंती तापलेल्या, वीज गेलेली, झोप नाही, आणि सकाळी उठल्यावर डोके सुन्न. उष्णतेच्या लाटांत मानसिक आजारांचे रुग्ण रुग्णालयात अधिक येतात, हे अनेक देशांत नोंदले गेले आहे. मग या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा?

निर्गुडी

अकोलेकर, तुमचा प्रश्न या विषयाच्या मुळाशी जातो. प्रयोगातली उष्णता तास-दीड तासाची असते आणि तिच्यानंतर निवण्याची पूर्ण सोय असते. अंघोळ करून बाहेर आल्यावर कातडीतून उष्णता बाहेर पडते, आतले तापमान खाली येते आणि त्या उतरणीवर झोप लागते. झोपण्याच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने स्नान केल्यास झोप सरासरी दहा मिनिटे लवकर लागते, असे २०१९ सालच्या एका एकत्रित परीक्षणात आढळले. वैशाखाच्या रात्री ही उतरणच मिळत नाही. शरीर तापलेले राहते आणि निवायला जागा उरत नाही. म्हणून उन्हाळ्यात तुमच्या भागात कढत पाणी किंवा बाष्पस्नान घेऊ नये, असेच मी सांगेन. तिथे संध्याकाळी साध्या पाण्याची अंघोळ आणि खोली थंड ठेवणे हाच उपचार समजा. शिवाय मनोविकारांवरील काही औषधांनी घाम कमी येतो, काहींनी जास्त येतो. दोन्ही परिस्थितींत उष्माघाताचा धोका वाढतो.

कृष्णाकाठ, तुमच्या चहाविषयीच्या वाक्याबद्दल आभार. आमच्या विभागात आम्ही रुग्णांना नेमके हेच विचारतो.

जुनी_पेठ

थोडे मागचे सांगतो, कारण हा वाद नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्य युरोपातील सायलेशिया प्रांतात ग्रेफेनबर्ग येथे व्हिन्सेन्झ प्रीसनिट्झ याने गार पाण्याच्या उपचारांचे केंद्र चालवले आणि तिथून ही पद्धत युरोपभर पसरली. पुढे जर्मनीतील लाइपझिगचा निसर्गोपचारक लुई कूने याचे कटिस्नान गांधीजींनी आपलेसे केले. १९४०च्या दशकात ते पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात राहिले आणि १९४६ मध्ये उरुळी कांचनचा आश्रम सुरू झाला. आमच्या पिढीला गार मातीची पट्टी, कटिस्नान आणि वाफेची पेटी एकाच छताखाली पाहायची सवय आहे. उष्ण की शीत, असा तंटा तिथे कधी ऐकला नाही.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे, आणि ती विसरली जाऊ नये असे मला फार वाटते. युरोपातील वेड्यांच्या इस्पितळांत रुग्णांना बांधून त्यांच्या डोक्यावर गार पाण्याची धार सोडत असत. उपचार आणि शिक्षा यांतली रेघ तिथे पुसली गेली होती. अबोलीताई, तुमच्या भावावर कोणी बळजबरी केली नाही हे खरे, पण "एवढेही जमत नाही" असे ज्याला वाटते, त्याच्यासाठी तो उपचार शिक्षेच्या वाटेवर गेलेला असतो.

उष्णतेचे म्हणाल, तर आपल्या घरांत तिचा सर्वांत पद्धतशीर वापर बाळंतिणीसाठी होत असे. तेल, कढत पाणी, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. माझ्या आईच्या सहा बाळंतपणांत न्हाणीबाहेर तांब्याचा बंब धगधगत असलेला मी पाहिला आहे. सव्वा महिना ती स्त्री कोणाच्या तरी हातून न्हात होती. तिच्या मनाचे काय होत होते, हे मात्र कोणी विचारले नाही.

उत्तरेकडून

मी नऊ वर्षांपासून फिनलंडमध्ये हेलसिंकीत राहतो. इथे सौना, म्हणजे बसायची उष्ण हवेची खोली, ८० ते १०० अंशांची असते आणि हिवाळ्यात तिच्यातून निघून गोठलेल्या पाण्यात पाडलेल्या भोकात उतरतात. म्हणजे इथले लोक दोन्ही करतात, आणि नेहमी त्याच क्रमाने: आधी ऊब, मग गारवा, मग पुन्हा ऊब. डिसेंबरमध्ये इथे दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. पहिल्या दोन हिवाळ्यांत मी फार खचलो होतो, आणि आमच्या इमारतीतल्या सामायिक सौनेत दर शुक्रवारी बसणे हा मला मिळालेला पहिला आधार होता. नवख्याला थंड पाण्यात ढकलत नाहीत, मद्य घेऊन पाण्यात उतरू देत नाहीत आणि एकटे जाऊ देत नाहीत. हे तीन नियम मला इथे पहिल्याच दिवशी सांगितले गेले.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. निर्गुडी यांनी विचारल्याप्रमाणे औषधांची यादी घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. भावाला अन्य गोळ्यांबरोबर लिथियमही चालू आहे. डॉक्टरांनी विचारले, घाम येईपर्यंत अंघोळ करता का? त्याआधी आम्ही पुढच्या महिन्यापासून एका ठिकाणी आठवड्याला तीन वेळा वाफेच्या पेटीचे सत्र ठरवून टाकले होते, आगाऊ पैसेही भरले होते. तिथे कोणीही आम्हाला औषधांविषयी एक शब्द विचारला नव्हता.

निर्गुडी

अबोली, ते सत्र रद्द करा, हे मी ठामपणे सांगते. लिथियमची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. भरपूर घाम जाऊन शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातले प्रमाण चढते. हात जास्त थरथरणे, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणे, बोलणे जड होणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या गोळीआधी डॉक्टरांना गाठा. अंगदुखीसाठी परस्पर आणलेल्या काही वेदनाशामक गोळ्यांनीही हेच होते. रक्ताची तपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करायची असते, ती चुकवू नका.

कोमट-गरम पाण्याची दहा मिनिटांची अंघोळ, जिच्यात घाम निथळत नाही, ती डॉक्टरांनी मान्य केली तर करता येईल. पाय घोट्याच्या वर बुडतील एवढ्या गरम पाण्याच्या बादलीत ठेवून अंगावर चादर घेणे, हेही चालू शकेल. याने शरीराचे तापमान ३८.५ पर्यंत जात नाही, त्यामुळे प्रयोगांतला परिणाम यातून मिळेल असे मी म्हणणार नाही. मिळेल ती सुखद जाणीव, संध्याकाळची एक ठरलेली वेळ, आणि कदाचित थोडी बरी झोप. तेवढे मिळाले तरी घ्यावे.

या धाग्यावरच्या सर्वांसाठी आणखी एक. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल आणि हवा खेळती नसेल, तर दार-खिडकी बंद करून लांबलेल्या गरम अंघोळीत कार्बन मोनॉक्साइडने माणसे गुदमरून गेली आहेत. तो वायू ना दिसतो, ना त्याला वास येतो. खचलेला माणूस आत असताना दाराला आतून कडी नसावी, यालाही दुसरे कारण आहेच. आणि कोणाच्याही मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर अंघोळीच्या तापमानाची चर्चा बाजूला ठेवून १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ती सरकारची मोफत, चोवीस तास चालणारी टेली-मानस सेवा आहे.

कृष्णाकाठ

अबोलीताई, आगाऊ भरलेले पैसे परत मागताना त्यांना औषधांविषयी न विचारल्याचे स्पष्ट सांगा, म्हणजे पुढच्या माणसाला ते विचारतील. आणि भावाला माझा निरोप द्या: त्याने पहिल्या दिवशी बर्फाची जी बादली ओतून घेतली, ती अकरा वर्षांत मी एकदाही ओतून घेतलेली नाही.

अबोली

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. वाफेची पेटी रद्द केली. डॉक्टरांच्या संमतीने रोज रात्री आठला दहा मिनिटे गरम अंघोळ, नंतर तांब्याभर पाणी, मीठ नेहमीइतकेच, आणि साडेनऊला अंथरूण, असे चालू आहे. गिझर विजेचा आहे, आणि दाराची कडी आम्ही काढून टाकली आहे. निळ्या बादलीतले पाणी त्याने स्वतः तुळशीला घातले. झोप आठवड्यातून चार-पाच रात्री बरी लागते. मनःस्थितीत मोठा फरक पडला असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी एका गोळीची मात्राही बदलली आहे, तेव्हा कशाने काय झाले हे सांगता येणार नाही.

कृष्णाकाठ यांचा निरोप मी त्याला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण नंतर फोन मागून घेतला आणि स्वतः एकदा वाचला. काल रात्री अंघोळीहून आल्यावर तो आईला म्हणाला की आज पाणी पुरेसे तापले नव्हते. आई स्वयंपाकघरात येऊन बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली, कारण कितीतरी महिन्यांनी त्याने कशाची तरी तक्रार केली होती.

निर्गुडी

अबोली, ही तक्रार तारखेसह लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना वाचून दाखवा. मात्रा बदलली आहे, तेव्हा लिथियमची तपासणी पुन्हा कधी करायची तेही त्यांना आजच विचारून घ्या. आणि ऊन वाढू लागले की अंघोळीचे पाणी कोमटावर आणा.